बारा बोर्डांची झोप

मानवी प्रगतीचा इतिहास हा मुळात ऊर्जेच्या जपणुकीचा इतिहास आहे.

हे वाक्य माझं नाही. चाकणच्या एका कारखान्याच्या मीटिंग रूममध्ये ते भिंतभर, वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि मी त्याच्या बरोबर खाली बसलो होतो. एसी सोळावर लावलेला असल्यामुळे थंडी वाजत होती, म्हणून खिडकी उघडी ठेवली होती. टेबलावर आमची डबी पडली होती, बंद पडलेली. पलीकडे प्लांट मॅनेजर दीक्षित बसले होते.

"लिमये, ही बारा तास चालणार होती," ते म्हणाले.

"हो."

"बारा तास आणि बारा वाजेपर्यंत यांत फरक आहे."

फरक होता. डबी सकाळी सातला शिफ्टबरोबर सुरू व्हायची आणि दुपारी बाराच्या सुमारास मरायची.

आमची कंपनी म्हणजे भोसरी एमआयडीसीतला साडेचारशे फुटांचा एक गाळा. मालक बहिरट. फर्मवेअरला शबाना मुलाणी, हार्डवेअरला मी, आणि सोल्डरिंगला दोन बायका, ज्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत कायमचा बसवलेला प्रोग्रॅम. हार्डवेअर म्हणजे जे हातातून सुटलं तर पायावर पडतं.

डबीत ग्लुकोज बिस्किटाएवढा एक कॉम्प्युटर बोर्ड होता, एक लिथियम सेल, छोटा स्क्रीन आणि वाय-फाय. सगळं केशरी प्लास्टिकमध्ये बसवलेलं आणि टांगायला दोरी. कारखान्याच्या लाइनवर गाडीचे नट आवळतात, तेव्हा नट किती घट्ट बसला हे पान्ह्यावर आकड्यात दिसतं. त्या आकड्याला टॉर्क म्हणतात. पूर्वी तो पेन्सिलीने रजिस्टरमध्ये लिहीत. आता पान्हा तो डबीला सांगणार होता आणि डबी सर्व्हरला. डबी मेली की मधल्या गाड्यांचे आकडे नसत, आणि ज्या गाडीचा आकडा नाही तिचे सगळे नट पुन्हा तपासावे लागत. त्या दिवशी अशा अकरा गाड्या यार्डात उन्हात उभ्या होत्या.

ट्रायलसाठी आम्ही बारा डब्या दिल्या होत्या. महिनाभर नीट चालल्या तर दोनशेंची ऑर्डर. बारापैकी अकरा डब्या शिफ्ट संपेपर्यंत कशाबशा तग धरत होत्या. सातव्या स्टेशनवरची मात्र रोज दुपारी मरत होती. दीक्षितांनी ती बदलून दुसरी दिली. दुसरीही बारालाच गेली.

आता इथे मी एक वाक्य बोललो. चाळीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस जेव्हा एखादं वाक्य विचार न करता बोलतो, तेव्हा ते फार अधिकाराने येतं.

"डबी बदलूनही तेच होतंय म्हणजे डबीचा दोष नाही," मी म्हणालो. "बोर्ड एवढा करंट खाऊच शकत नाही. कुणीतरी तिच्यावर दुसरं काहीतरी चालवत असणार."

दीक्षितांनी डायरीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, मुद्दा पटला.

छोट्या बोर्डाला वीज कमी लागते असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. आमचा बोर्ड जागा असला की चारशे मिलीअँपिअर ओढायचा. मिलीअँपिअर हे करंटचं माप. सेलमध्ये दोन हजार मिलीअँपिअर तास भरलेले असत. भागाकार करा, पाच तास येतात. त्याच सेलवर बारा तास काढायची एकच युक्ती आहे, ती म्हणजे काम नसताना बोर्डाला झोपवणं. झोपेत तो विसावर यायचा. डबी टेबलावर ठेवली की पंधरा सेकंदांत झोपायची. उचलली की आतला हालचाल ओळखणारा सेन्सर तिला उठवायचा. लाइनवर दीड-दोन मिनिटांनी एक गाडी येते आणि माणसाचं काम अर्ध्या मिनिटाचं असतं. उरलेला वेळ बोर्डाने निमूट झोपावं, एवढीच आमची अपेक्षा. शबानाने आणि मी त्या झोपेवर चार महिने काम केलं होतं. कुणाला सांगितलं तर लोक हसायचे.

शबानाचा आणि माझा संबंध तिच्या वडिलांपासूनचा. चिंचवड स्टेशनजवळ मुलाणी चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी डिप्लोमाला असताना संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो. दुकान म्हणजे एक टेबल, एक बल्ब आणि भिंतीवर उघड्या पाठीचे रेडिओ. चाचांकडे काट्याचा मल्टिमीटर होता, चामड्याच्या पेटीतला. आकडे दाखवणारे मीटर नंतर आले. आकडा नुसता आकडा सांगतो. काटा कसा थरथरतो, कुठे अडखळतो, तेही सांगायचा. रेडिओच्या सेलमध्ये मीटर जोडून किती करंट जातो हे बघायला मला त्यांनीच शिकवलं. नोकरी लागून दहा वर्षं झाली तरी माझं जाणं सुटलं नव्हतं; शबाना तेव्हा चार-पाच वर्षांची होती आणि टेबलाखाली बसून जुने नॉब गोळा करायची.

एकदा आकुर्डीची एक बाई रेडिओ घेऊन आली. आठ दिवसांत सेल संपतात, म्हणाली. मी लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला. चाचांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बाईंना विचारलं, घरात ऐकतं कोण? सासूबाई, बाई म्हणाल्या. बंद कोण करतं? तेही सासूबाईच. चाचा दुकान तसंच टाकून, माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून, आकुर्डीला गेले. सासूबाईंच्या बोटांत संधिवात होता. बंद करायचं बटण कडक होतं, म्हणून त्या आवाज पूर्ण कमी करून रेडिओ ठेवून द्यायच्या. रेडिओ रात्रंदिवस चालू असायचा, फक्त ऐकू येत नव्हता. चाचांनी बटणावर तेलाचा एक थेंब सोडला आणि चहा पिऊन आम्ही परत आलो. रेडिओ उघडलाच नाही.

हा किस्सा मी पुढे चाळीस वर्षं प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगितला. चाकणच्या त्या मीटिंगमध्ये मात्र मला तो आठवला नाही.

परत गाळ्यात आल्यावर मी सेलवर संशय घेतला. दहा सेल भरले, रिकामे केले, पुन्हा भरले. सगळे ठीक. मग वाय-फायवर गेलो. लोखंडी शेडमध्ये सिग्नल दुबळा पडतो, तेव्हा बोर्डाला ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडायला करंट लागतो. हे कारण मला फार आवडलं. त्यात आमची चूक नव्हती. मी त्यावर तीन पानी रिपोर्टही लिहून काढला.

"सर, पाच तास म्हणजे बोर्ड झोपतच नाहीये," शबाना रिपोर्ट न वाचताच म्हणाली. "ओरडण्याने एवढं होत नाही. माणूस कितीही ओरडला तरी झोपायचं तेव्हा झोपतोच. सव्वा दोन वर्षांच्या अनुभवावरून सांगतेय." घरी तिचं दुसरं बाळ तेव्हा तान्हं होतं.

तरी मी रिपोर्ट घेऊन चाकणला गेलोच. राउटर सातव्या स्टेशनच्या जवळ आणून लावला. अर्धा तास वाढला. डबी बाराऐवजी साडेबाराला मरू लागली.

राउटर लावताना सातव्या स्टेशनवरचे ऑपरेटर शिडी धरून उभे होते. तुकाराम कड. राजगुरुनगरच्या बाजूच्या गावातून कंपनीच्या बसने यायचे. सत्तावन्न वर्षांचे, कपाळावर बुक्का, युनिफॉर्मला कडक इस्त्री. मी खाली उतरल्यावर त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक कागद काढला.

"साहेब, लिमये तुमीच का?"

"हो."

"मंग ह्ये वाक्य तुमचंच आसंल."

तो मेमो होता. कंपनीत मेमो म्हणजे लेखी ताकीद. डबीचा खासगी वापर केल्यामुळे अकरा गाड्या अडल्या, असा ठपका. पुन्हा असं घडल्यास डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कंपनीअंतर्गत चौकशी, आणि तोवर सस्पेन्शन. मधल्या परिच्छेदात लिहिलं होतं, "तज्ज्ञांच्या मते सदर उपकरणावर अन्य काही चालवल्याखेरीज हे शक्य नाही."

तज्ज्ञ हा शब्द स्वतःबद्दल छापील स्वरूपात मी पहिल्यांदाच वाचत होतो.

"काय चालवत होतो म्हनं मी त्याच्यावर?" कडांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. "सुपरवायझर म्हनतो, पिक्चर. त्या स्क्रीनवर पिक्चर दिसतो का, साहेब? मला त्याच्यावरचा आकडा वाचायला चष्मा लागतो."

मी म्हणालो की मी तसं म्हटलं नव्हतं.

"मंग काय म्हनलं व्हतं?"

मी तसंच म्हटलं होतं.

"सव्वीस वर्सं झाली," ते म्हणाले. "ह्या कंपनीत मला पर्मनंटचं पत्र आलं आन् मंग ह्यो कागद. मधी काय बी न्हाई. अजून चौदा म्हैने ऱ्हायलेत. आज पुन्हा बारा वाजता मेली तर काय करायचं ते तुमीच सांगा."

त्या दिवशी ती साडेबाराला मेली. मी तिथेच होतो, म्हणून दीक्षितांनी एन्क्वायरीचं पत्र काढलं नाही. पण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शनिवारपर्यंत कारण कळलं नाही तर त्यांना प्रोसिजरप्रमाणे जावं लागेल. दीक्षित वाईट माणूस नव्हता. प्रोसिजर हा शब्द तो कुलदैवतासारखा उच्चारायचा, एवढंच.

भोसरीला परत येताना मोशीच्या टोलनाक्यापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो. त्या तासाभरात मी माझ्या तीन पानी रिपोर्टचा बराच विचार केला.

दुसऱ्या दिवशी मी आणि शबाना दोघंही प्लांटवर गेलो. आम्ही सेल आणि बोर्डाच्या मध्ये एक लॉगर जोडला. लॉगर म्हणजे करंट लिहून ठेवणारं यंत्र. दर सेकंदाला किती करंट गेला त्याची नोंद करतं, आणि नंतर त्याचा आलेख काढता येतो. झोपणाऱ्या बोर्डाचा आलेख कंगव्यासारखा दिसतो. एक दात, मग मोकळी जागा, मग दात. डबी कडांच्या हातात दिली आणि आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो, कारण शबानाचं म्हणणं होतं की आपण शेजारी उभे राहिलो तर लोक नेहमीसारखं वागणार नाहीत.

साडेबाराला डबी मेली. आलेख काढला. कंगवा नव्हताच. सकाळी सातपासून सरळ भिंत. बोर्ड पाच-साडेपाच तास टक्क जागा होता. फक्त एकाच ठिकाणी, दहा वाजून दहा मिनिटांपासून पुढची अठरा मिनिटं, सुंदर कंगवा होता. अगदी आमच्या गाळ्यात यायचा तसा.

"दहा दहाला काय झालं होतं?" शबानाने सुपरवायझरला विचारलं.

हेड ऑफिसहून पाहुणे आले होते, तो म्हणाला. लाइनवर राउंड झाला.

पाहुणे बघून आमचा बोर्ड झोपला, हे कारण रिपोर्टमध्ये लिहिण्यासारखं नव्हतं. पाहुणे आले की लाइनवर आणखी काय बदलतं, असं शबानाने विचारलं. सुपरवायझरने बराच विचार केला. टोप्या घालतात सगळे, म्हणाला. जमीन पुसतात. आणि साहेबांचं बोलणं पाहुण्यांना ऐकू यावं म्हणून मॅनकूलर बंद करतात.

मॅनकूलर म्हणजे कारखान्यातला उंच स्टँडचा मोठा पंखा. माणसांना थंड करणारा, म्हणून ते नाव. आवाज असा की शेजारच्याशी बोलायला कानाशी तोंड न्यावं लागतं. त्या लाइनवर एकच मॅनकूलर होता. सातव्या स्टेशनपाशी.

आम्ही दोघं शेडमध्ये गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. लाइन थांबलेली. माणूस एकही नाही. मॅनकूलर मात्र चालू होता, आणि त्याच्या पुढच्या जाळीला केशरी डब्या दोरीने टांगलेल्या होत्या. मेलेली एक सोडून उरलेल्या अकराच्या अकरा. पंख्याबरोबर सगळ्या बारीक थरथरत होत्या, जाळीवर टकटक करत. तोरणच म्हणा ना. प्रत्येकीचा स्क्रीन चालू.

"चार महिने," शबाना म्हणाली.

कड डबा खाऊन आले. मी जाळीकडे बोट दाखवलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

"पंख्याला टांगली की हिरवी ऱ्हाती," ते म्हणाले.

"काय हिरवं राहतं?"

त्यांनी मान वर केली. शेडच्या तोंडाशी, आत येणाऱ्याला आधी दिसावा असा, एक भला मोठा टीव्ही लावला होता. त्यावर बारा नावं आणि प्रत्येक नावापुढे एक ठिपका. दर खेपेला मी त्याच्या खालून गेलो होतो. कारखान्यात असे टीव्ही फार असतात, त्यामुळे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

मग कडांनी सगळं सांगितलं. डबी टेबलावर ठेवली की थोड्या वेळाने टीव्हीवर नावापुढचा ठिपका लाल व्हायचा. लाल झाला की सुपरवायझर यायचा आणि काम का थांबलं विचारायचा. काम थांबलेलं नसायचं. पुढची गाडी आलेली नसायची. सातव्या स्टेशनचं काम सगळ्यांत थोडं, त्यामुळे त्यांचं नाव सगळ्यांत जास्त वेळ लाल. तीनदा त्यांना सगळ्यांसमोर विचारलं गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं की डबी हलवली की ठिपका हिरवा होतो.

"आदी हातानं हलवायचो. हात दुखाया लागला. पंखा शेजारीच व्हता." त्यांनी जाळीवरच्या डब्यांकडे हात केला. "बाकीचे जेवायला जाताना टांगत्यात. जेवनात बी लाल व्हतं ना."

"मग हे मेमो मिळाला तेव्हा का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"पिक्चर चालवला का म्हनून विचारलं. न्हाई म्हनलं. पंख्याचं कुनी विचारलंच न्हाई. आन् हिरवी ठेवा म्हनून तर त्येंनीच सांगितल्यालं. मला वाटलं ह्येच काम हाय."

दोष कुणाचा हे पुढच्या पाच मिनिटांत कळलं. टीव्हीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या एका कंपनीने केलं होतं. डबीकडून अर्धा मिनिट निरोप आला नाही की ठिपका लाल, असा त्यांचा नियम. आमचा बोर्ड झोपला की निरोप थांबायचे. बोर्ड झोपतो हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. टीव्ही आहे हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. दोघांचीही दीक्षितांबरोबर स्वतंत्र मीटिंग व्हायची, त्याच खोलीत, त्याच वाक्याखाली.

"अब्बांनी आधी विचारलं असतं, ऐकतं कोण," शबाना म्हणाली. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नसावं. लागलं मात्र तसंच.

दीक्षितांना आम्ही वर जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टीव्ही बंद करता येणार नाही."

का, असं मी विचारलं.

"त्याचं उद्घाटन झालंय."

ते खरंच होतं. त्या योजनेला संकल्प असं नाव होतं, हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी फीत कापली होती आणि टीव्हीच्या चौकटीला घातलेला हार वाळून अजून तसाच होता. मग ठरलं की टीव्ही राहील, ठिपके राहतील, पण झोपण्याआधी बोर्ड एक शेवटचा निरोप पाठवेल: मी ठीक आहे, झोपतोय. तो निरोप आला की पुढचा निरोप येईपर्यंत ठिपका हिरवाच. शबानाने ते तिथेच कॅन्टीनच्या टेबलावर बसून लिहिलं. दुसऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर त्याच्या बाजूने बदल केला. चार महिन्यांच्या झोपेला अकरा ओळी कमी पडल्या होत्या.

"आणि मेमो?" मी विचारलं.

"तुम्ही टेक्निकल रिपोर्ट द्या. मग बघू."

मी रिपोर्ट तिथेच हाताने लिहिला. तीन ओळींचा. सेल लवकर संपण्याचं कारण आमच्या डिझाइनमध्ये होतं. ऑपरेटरने कोणताही गैरवापर केलेला नाही. माझं आधीचं मत तपासणी न करता दिलेलं होतं.

दीक्षितांनी वाचला. "शेवटची ओळ काढा. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. दोनशेंची ऑर्डर पर्चेसकडे जाणार आहे. तिथे हे वाचलं तर विचारतील, असल्या व्हेंडरला कसं घेतलं."

मी बाहेर जाऊन बहिरटांना फोन लावला. मालक तेच, ऑर्डर त्यांची. सगळं सांगितलं. मागे आमच्या ड्रिलिंग मशीनचा आवाज येत होता.

"काढली तर चालेल का?" त्यांनी विचारलं.

"मेमोत तेच वाक्य आहे," मी म्हणालो. "ते चुकीचं होतं असं मीच लिहिलं नाही, तर कोण लिहिणार?"

"मग राहू दे," बहिरट म्हणाले. "तसंही आपल्या गाळ्यात लपवायला जागा कुठे आहे?"

ओळ राहिली.

एचआरने नंतर कळवलं की मेमो मागे घेता येत नाही. सिस्टीममध्ये तो देण्याची सोय आहे, मागे घेण्याची नाही. त्याऐवजी त्यांनी दुसरं पत्र काढलं: सदर मेमो दिला गेलाच नाही असं समजण्यात यावं. फाइलमध्ये दोन्ही राहतील. एन्क्वायरी मात्र होणार नव्हती, आणि ते महत्त्वाचं होतं.

कडांनी ते पत्र दोनदा वाचलं, चष्मा लावून. त्याची घडी करून पहिल्या कागदाशेजारी त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातलं.

"सव्वीस वर्सांत येक व्हता," ते म्हणाले. "आता दोन झाले."

मग त्यांनी माझ्या हाताने लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स मागितली. ऑफिसची नको, तुमची द्या, म्हणाले. ती कशाला, असं मी विचारलं नाही.

त्या सोमवारी डबी शिफ्ट संपेपर्यंत चालली आणि तरी निम्मा सेल उरला. महिनाभराने ट्रायल पास झाली. ऑर्डर दोनशेंची नाही, दीडशेंची आली. शेवटच्या ओळीमुळे पन्नास गेल्या की आणखी कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चौदा महिन्यांनी कडांच्या निरोप समारंभाचं बोलावणं आलं. मीही तोवर निवृत्तीला टेकलो होतो. कॅन्टीनमध्ये भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. कडांनी बोलायला नकार दिला. जेवताना माझ्या शेजारी येऊन बसले. झेरॉक्स घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे, म्हणाले. पोरांनी लॅमिनेट करून दिली. माझ्या एवढ्या वर्षांच्या रिपोर्टांपैकी लॅमिनेट झालेला तो एकच. आणि त्यात मी चुकलो होतो एवढंच लिहिलेलं आहे.

आता मी मोशीला राहतो. ज्या वावरांतून सायकलवर भोसरीला जायचो तिथे बाराव्या मजल्यावर. भोसरीचा गाळा बहिरटांच्या मुलाने भाड्याने दिला, तिथे आता दुचाकींचे सुटे भाग मिळतात. चाचा गेले तेव्हा शबानाने मला तो काट्याचा मल्टिमीटर दिला. कधीतरी काढतो, घरातल्या घड्याळाचा सेल त्याला लावून बघतो. काटा हळूच उठतो, थोडा थरथरतो आणि थांबतो. तेवढ्यात सगळी चिंचवडची संध्याकाळ परत येते, तो बल्ब, सोल्डरिंगच्या राळेचा वास, टेबलाखालचे नॉब. शबाना आता दुसऱ्या कंपनीत आहे. नव्या इंजिनिअरांना आकुर्डीच्या रेडिओचा किस्सा तीच सांगते. त्यानंतर पंख्याचाही सांगते, आणि त्यात माझं नाव घेते.

मागच्या वर्षी एका कामासाठी त्या प्लांटवर गेलो होतो. गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. विजेचा भार वाटून घ्यावा म्हणून फार पूर्वी ठरलेली पद्धत. शेडमध्ये दिवे बंद, लाइन बंद, मॅनकूलर बंद. डब्या रॅकमध्ये ओळीने झोपलेल्या. टीव्ही चालू होता. त्यावर सगळी नावं होती आणि सगळे ठिपके हिरवे होते. कडांचं नावही होतं, तेही हिरवं. वॉचमन म्हणाला, ह्या लाइनला वर्षभर एकही लाल ठिपका न दिसल्याबद्दल हेड ऑफिसकडून ढाल मिळाली आहे.

जुन्या सवयीने मी टीव्हीच्या मागे जाऊन त्यावरची पट्टी वाचली. एकशेवीस वॉट. आमचे पहिले बारा बोर्ड शिस्तीत झोपून एका शिफ्टमध्ये जेवढी वीज वाचवतात, ती हा टीव्ही पाऊण तासात संपवतो. तो बंद का करत नाही, असं मी वॉचमनला विचारलं. बटण हाराच्या मागे आहे, तो म्हणाला.